शोकग्रस्ताचे सांत्वन : पंढरीचे महाद्वार आणि श्रावस्तीची दारे

मृत्यूने ज्याचे घर ओसाड केले आहे, त्या माणसाने ईश्वराला हाक मारावी, ही गोष्ट आपल्या समाजात इतकी स्वाभाविक मानली गेली आहे की, तिची चिकित्सा करू पाहणारा निष्ठुर ठरतो. देवावर भार टाकावा म्हणजे मन हलके होते, असे कीर्तनकार सांगतात, आप्तेष्ट सांगतात आणि शोकाकुल माणूस स्वतःलाही तेच सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी आम्ही देवदेवतांची उपासना सोडली; श्राद्ध आणि पिंडदानही सोडले. तथापि घरातला कर्ता मुलगा अपघातात गेला, लेकीचे तान्हे बाळ दगावले, की काही घरांत माळ्यावरची जुनी तसबीर पुन्हा खाली येते, कोणी नवस बोलतो, कोणी गुपचूप एखाद्या बाबाच्या दरबारात जाऊन बसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी आपले प्रवचनकार त्या घराला प्रतिज्ञाभंगाचा बोल लावतात. बोल लावणे सोपे आहे. त्या घराने देवाकडे काय मागितले आणि ते त्याला आपल्याकडे का मिळाले नाही, हा प्रश्न अवघड आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

या प्रश्नाचा विचार करताना दोन वाङ्मये आम्ही शेजारी शेजारी ठेवीत आहोत. एक, महाराष्ट्राच्या मनावर ज्याचा संस्कार सर्वांत खोल आहे ते वारकरी संतांचे अभंगवाङ्मय. दुसरे, थेरीगाथा, तिची अट्ठकथा आणि बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ. दोन्हीकडे शोक खरा आहे. दोन्हीकडे माणूस मोडून पडलेला आहे. मोडलेल्या माणसाला कोणाच्या दारी पाठविले जाते, येथे मात्र दोन्ही वाटा वेगळ्या होतात.

विठ्ठलाला कोणत्या जागी बसविले?

संतांच्या भक्तीचा उपहास करणे आम्हांस मान्य नाही. १६३०-३१ च्या भीषण दुष्काळात तुकारामांची थोरली पत्नी उपासमारीने गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्या आघातानंतर ते सर्वस्वी विठ्ठलाकडे वळले. परंपरा आणखी एक गोष्ट सांगते, आणि तिच्याकडे कीर्तनकारांचे पुरेसे लक्ष जात नाही : तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. स्वतः होरपळलेल्या माणसाने इतर होरपळलेल्यांना ऋणातून मोकळे केले. त्यांच्या शोकाला मिळालेले हे पहिले सामाजिक वळण होते. पुढे भक्तिपरंपरेने त्यांचा विठ्ठल लक्षात ठेवला. ती बुडालेली खते मात्र केवळ वैराग्याचा दाखला होऊन राहिली.

जनाबाईकडे पाहावे. दासी म्हणून परक्या घरी राबणाऱ्या या स्त्रीच्या जात्याला हात लावायला विठ्ठल येतो, तिच्याबरोबर दळतो, अशी तिची श्रद्धा. हा विठ्ठल सिंहासनावरचा सत्ताधीश नाही. तो कामाला हात देणारा सोबती आहे. तिला हवी होती ती सोबत, आणि माणसांत ती मिळत नव्हती म्हणून तिने ती देवात पाहिली.

चोखामेळ्याच्या बाबतीत तर हे सत्य दगडात कोरल्यासारखे स्पष्ट आहे. गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, मंदिराने दाराबाहेर ठेवले. ज्याला शेजार नाकारला गेला, त्याने देवाला शेजारी केले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली तो गाडला गेला, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपुरास आणल्या, आणि समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेर. मृत्यूनेही त्याला आत नेले नाही. त्याच्या दुःखाचा उच्चार अस्सल आहे, यात शंका नाही. पण त्या दुःखाचे कारण सांगण्याची वेळ येते तेव्हा तो पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखवितो, आणि तेथे देवाच्या सांत्वनाची किंमत उघड होते. पुत्र कर्ममेळा देवालाच जाब विचारतो, हीन जन्म का दिलास म्हणून अडून बसतो. बाप-लेकाच्या या दोन स्वरांतील अंतर आमच्या समीक्षकांनी अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. एक स्वर दुःख स्वतःच्या माथी घेतो. दुसरा ते ज्याने लादले त्याचा पत्ता विचारू लागतो.

तेव्हा आमचे पहिले प्रतिपादन असे : शोकात माणूस ज्या देवाकडे धावतो, तो देव माणसांच्या अनुपस्थितीने रिकाम्या झालेल्या जागेवर बसलेला असतो. शोकाकुलाची भक्ती हा त्याच्या अज्ञानाचा पुरावा कमी आणि त्याच्या भोवतालच्या समाजाविरुद्धची साक्ष अधिक आहे.

दुसरा बाण

देवाच्या सांत्वनाची किंमत आम्ही वर म्हटली, ती कोणती? मूल गेलेली आई पहिला प्रश्न विचारते तो 'माझ्याच वाट्याला का?' हा. ईश्वर मानला की या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते, कारण सर्व काही ज्याच्या इच्छेने होते त्याची काहीतरी इच्छा असलीच पाहिजे. मग उत्तरे येतात : देवाला ते बाळ आवडले, देव परीक्षा पाहतो, नवस फेडायचा राहिला, मागच्या जन्मीचे पाप भोवले. यांतील प्रत्येक उत्तर शेवटी त्या आईकडेच बोट दाखविते. तिचे बाळ गेले आहे, आणि वर ती अपराधीही ठरली आहे.

संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. वेदनेचा पहिला बाण सर्वांनाच लागतो. अज्ञ माणसाला मात्र त्यापाठोपाठ दुसरा बाण लागतो, मनाने स्वतःच रुतवून घेतलेला. पूर्वकर्माचे स्पष्टीकरण हा शोकग्रस्ताच्या उरात रुतविला जाणारा असाच दुसरा बाण आहे, असे आम्ही म्हणतो. तथागतांनी हे स्पष्टीकरण सरसकट मान्य केले नाही, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले होते की, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे म्हणणारे बरोबर आहेत काय? तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी अनेक कारणे मोजून दाखविली आणि सारेच पूर्वकर्माच्या माथी मारणारे चुकतात, असे सांगितले. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर जो प्रखर आघात केला, त्याचे महत्त्व आम्ही सहसा जातिव्यवस्थेच्या संदर्भात सांगतो. ते योग्यच आहे. परंतु त्या आघाताने मूल गमावलेल्या आईच्या डोक्यावरचा अपराधही उतरविला, हे आम्ही तिला जाऊन सांगत नाही.

मोहरीची भीक

आता किसा गोतमीच्या कथेकडे वळू. ही कथा आपल्या विहारांतून शेकडो वेळा सांगितली जाते, आणि आमच्या मते बहुधा अर्धीच सांगितली जाते. 'जो जन्मला तो मरणार, तेव्हा रडू नकोस' असे तिचे तात्पर्य काढले जाते. एवढेच सांगायचे असते तर तथागतांनी ते जागच्या जागी एका वाक्यात सांगितले असते. त्यांनी तसे केले नाही. मेलेले बाळ कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या बाईला त्यांनी श्रावस्ती नगरात पाठविले : ज्या घरात कधी कोणी मेले नाही, त्या घरची चिमूटभर मोहरी आण.

या आज्ञेत अट एकच आहे. घर कोणत्या कुळाचे, कोणत्या वर्णाचे, ही अट नाही. श्रावस्तीतील कोणत्याही दारी जाण्याची मुभा त्या एका वाक्याने तिला मिळाली. मोहरी प्रत्येक घरात होती, आणि मृत्यूही प्रत्येक घरात होता. दारोदार तिला नकार मिळाला नाही. प्रत्येक दारी कोणा ना कोणाच्या मरणाची हकीकत मिळाली. कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, कोणाचा बाप. सकाळी जी बाई नगरात एकटी हिंडत होती, ती नगरातील सर्व शोकांची परिचित होऊन परतली. मोहरी हे औषध नव्हते. ती दारे हे औषध होते.

बाबासाहेबांनी ही कथा कोठे ठेवली, तेही पाहण्यासारखे आहे. ग्रंथाच्या आठव्या खंडात तथागतांच्या मानवतेचे वर्णन करणारा जो भाग आहे, त्यात शोकग्रस्तांचे सांत्वन करणारे म्हणून तथागत येतात, आणि तेथे विशाखा व किसा गोतमी यांच्या कथा एकापाठोपाठ येतात. त्यानंतर लगेच रुग्णांची चिंता वाहणारे तथागत येतात. म्हणजे सांत्वन ही बाबासाहेबांनी शुश्रूषेच्या शेजारची गोष्ट मानली आहे. त्यांच्या कथनात सर्पदंशाने गेलेले बाळ परत येत नाही, आकाशवाणी होत नाही, परलोकातील भेटीचे आश्वासन मिळत नाही. गोतमी परत जाते आणि आपल्या बाळाचा अंत्यसंस्कार करते. जे आश्वासन खरे नाही ते देऊन मिळविलेले समाधान तथागतांना नको होते, आणि बाबासाहेबांनाही. तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, हे तत्त्व शोकाच्या प्रसंगी असे दिसते.

थेरीगाथेतील किसा गोतमीच्या गाथांत मोहरीची कथा नाही. ती अट्ठकथेने सांगितली आहे. मग थेरी स्वतः कशाने आरंभ करते? कल्याणमित्रतेच्या स्तुतीने. चांगल्या मित्रांच्या सहवासाने माणूस दुःखातून सुटतो, असा तिचा अनुभव आहे. ज्या स्त्रीच्या नावावर आम्ही अनित्यतेचे प्रवचन करतो, ती स्वतः प्रथम मैत्रीविषयी बोलते, ही बाब कोणत्याही प्रवचनकाराने नजरेआड करू नये.

एकच मात्रा सर्वांना नाही

विशाखेला तथागतांनी गोतमीसारखे दारोदार पाठविले नाही. नातीच्या मृत्यूने व्याकूळ होऊन ती आली, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे श्रावस्तीतील रोजच्या मृत्यूंचा हिशेब ठेवला : इतक्या सर्वांवर तुझी अशीच माया असेल, तर शोकावाचून तुझा एक तरी दिवस जाईल काय? मिगारमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, शेकडोंचा संसार पाहिलेल्या त्या प्रौढ उपासिकेला हा हिशेब कळला. हाच हिशेब कालच मूल गमावलेल्या विशीतल्या मुलीला ऐकविला तर तो क्रूरपणा होईल. उब्बिरी आपल्या जीवा नावाच्या मुलीसाठी स्मशानात आक्रोश करीत होती. जीवा नावाच्या हजारो मुली येथे जळल्या, त्यांतील कोणत्या जीवेसाठी रडतेस, असे तिला विचारले गेले आणि तिच्या हृदयातला बाण निघाला. पटाचारेचे तर पती, दोन्ही मुले, आईबाप, भाऊ एकाच झपाट्यात गेले. वस्त्राचेही भान न राहिलेल्या तिला लोक हाकलू लागले, तेव्हा तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि भानावर ये, एवढेच म्हटले. कोणा एकाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले, असे अट्ठकथा सांगते. उपदेश त्यानंतर आला. उपरणे आधी, उपदेश नंतर, हा क्रम आम्ही लक्षात ठेवला पाहिजे.

पटाचारेची कथा येथे संपत नाही. मुले गमावलेल्या पाचशे स्त्रियांनी पटाचारेच्या बोधाने आपला शोक दूर झाल्याचे थेरीगाथेत सांगितले आहे. चंदा नावाची थेरी सांगते की, ती विधवा होती, निपुत्रिक होती, तिला ना मित्र होते ना नातलग. सात वर्षे ती थंडी-उन्हात भीक मागत फिरली, आणि अन्नपाणी मिळालेल्या एका भिक्खुणीला पाहून तिच्यापाशी गेली. ती भिक्खुणी पटाचारा होती. तिने चंदेला संघात घेतले. ज्याचा शोक निवाला, त्याने दुसऱ्याच्या शोकाला हात द्यावा, ही धम्माची रीत आहे. या साखळीत ईश्वराला कोठेही जागा रिकामी सापडत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी एक माणूस उभा आहे.

धम्मात अश्रूंना मज्जाव आहे, हा समजही येथेच दूर करावा. सारिपुत्तांच्या निर्वाणाची वार्ता ऐकून आनंदांचे भान हरपले; तेव्हा तथागतांनी त्यांना विचारले की, सारिपुत्त जाताना तुझे शील, तुझी समाधी, तुझी प्रज्ञा बरोबर घेऊन गेला काय? गेलेला माणूस आपल्यात जे पेरून गेला ते गेलेले नाही, हे सांगण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाही. सारिपुत्त आणि मोग्गल्लान दोघेही गेल्यावर, ही परिषद मला रिकामी भासते, असे खुद्द तथागतांनी भिक्खूंसमोर म्हटल्याची नोंद आहे. रिकामी जागा रिकामी आहे, हे त्यांनी लपविले नाही. आणि कुशिनारा येथे आनंद दाराला टेकून रडत होते, तेव्हा तथागतांनी त्यांना बोलावून घेतले, बोध केला आणि त्यांनी इतकी वर्षे केलेल्या प्रेमळ सेवेची सर्वांसमोर वाखाणणी केली.

दुसरी पंढरी

बाबासाहेबांचे स्वतःचे आयुष्य या कसोटीपासून दूर नव्हते. त्यांची आणि रमाईंची चार अपत्ये बालपणीच गेली. लाडका राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. रमाईंना पंढरपूरची ओढ होती. त्यांनी तेथे जाण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हाचा प्रसंग धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदविला आहे. जी पंढरी आपल्या भक्तांना दाराजवळही येऊ देत नाही, तिचे काय घेऊन बसलीस. आपण सदाचाराने, सेवेने, त्यागाने दुसरी पंढरी निर्माण करू, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी दिले. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली. चार मुले पुरलेल्या मातेला महाराष्ट्राच्या सर्वांत मायाळू म्हणविल्या जाणाऱ्या देवाने तिच्या हयातीत दार उघडले नाही, ही वस्तुस्थिती भक्तीच्या कोणत्याही गौरवग्रंथात ठळक अक्षरांत यावयास हवी.

पण या प्रसंगाकडे आम्ही आणखी एका दृष्टीने पाहू इच्छितो. बाबासाहेबांनी रमाईंची ओढ खोटी आहे, असे म्हटले नाही. दुसरी पंढरी निर्माण करू, असे म्हटले. ते वचन रमाईंना दिलेले होते. त्यांच्या पश्चात ते आपल्या सर्वांना लागू आहे. दुसरी पंढरी म्हणजे केवळ नवी वास्तू, नवी मूर्ती, नवा मेळावा नव्हे. जेथे शोकाकुल माणसाला दार उघडे मिळते, ती दुसरी पंढरी. हे दार आम्ही उघडे ठेवले आहे काय?

उत्तर प्रत्येक वस्तीने द्यावे. पण जे सर्वत्र दिसते ते बोलले पाहिजे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्रिसरण-पंचशील होते, मग एकामागून एक वक्ते उभे राहतात. चळवळीचा इतिहास सांगितला जातो, गटबाजीचा समाचार घेतला जातो, आणि कित्येकदा गेलेल्या माणसाचे नाव वक्त्याला चिठ्ठीवरून वाचावे लागते. 'सर्व संस्कार अनित्य आहेत' हे वचन तेथे उच्चारले जाते; ते सत्यच आहे, परंतु सत्य चुकीच्या वेळी सांगितले तर शोकग्रस्त माणूस ते कानांवर हात ठेवून ऐकतो. जेवण होते, मंडप उतरतो. त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, खरा एकांत सुरू होतो तेव्हा त्या घरी कोण जाते? बहुधा अंगाऱ्याची पुडी घेऊन एखादी शेजारीणच जाते. तिने नेलेला अंगारा आम्हांस अमान्य आहे. तिचे जाणे मात्र आमच्यावरची टीका आहे.

महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा झाला. दुःखिताला लुबाडणाऱ्या भोंदूला कायदा शिक्षा करू शकतो. दुःखिताच्या शेजारी बसणे हे मात्र कायद्याचे काम नव्हे. तसेच, शोक महिनोन्‌महिने न ओसरता माणसाचे जगणेच ठप्प करतो, तेव्हा तो वैद्यकीय उपचारांचाही विषय असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या वर्गीकरणात अशा दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला स्वतंत्र स्थान दिले आहे. अशा व्यक्तीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे हे धम्माला सोडून नाही. रुग्णाची चिंता वाहणाऱ्या तथागतांचेच ते अनुसरण आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीत त्या वर्षी ज्या घरी मृत्यू झाला, त्या घरांची नोंद ठेवावी. उपासक-उपासिकांनी, विशेषतः ज्यांनी स्वतः असा शोक भोगला आहे त्यांनी, त्या घरी महिन्यामागून महिने जावे. जाताना उपदेश नेऊ नये. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याच्याविषयी विचारावे, आणि घरच्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐकावे. 'तुझ्या पापाने हे झाले नाही' हे एक वाक्य स्पष्ट शब्दांत सांगावे. किसा गोतमीला दारोदार जावे लागले, कारण तिच्या दारी कोणी आले नव्हते. तिला तो फेरा घालावा लागू नये, एवढे तरी संघटित समाजाने करावयास हवे.

ईश्वराचे अस्तित्व युक्तिवादाने नाकारण्याचे काम बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात पूर्ण केले आहे. त्यात आम्ही भर घालण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. उरले आहे ते दुसरे काम. युक्तिवादाने देव डोक्यातून जातो. दुःखाच्या रात्री तो ज्या रिकाम्या जागेवर परत येऊन बसतो, ती जागा भरून काढण्यास माणसेच लागतात.